करवतीआधीची तपासणी : एका वृक्षसेवेच्या कामाचे परीक्षण

आमच्या संस्थेच्या आवारातील तीन मोठ्या झाडांचे काम या वृक्षसेवेकडे सोपवले होते. त्यांत पायवाटेकडे कललेला एक गुलमोहर होता, वाळक्या फांद्यांनी भरलेला एक रेन ट्री होता आणि बांडगुळांनी पोखरलेला एक जुना आंबा होता. आवाराची देखभाल माझ्याकडे असल्याने पहिल्या पाहणीपासून शेवटचा पालापाचोळा उचलला जाईपर्यंत हे काम मी जवळून पाहिले. माझे मत एकंदरीत अनुकूल आहे, काही बाबतींत ते फारच अनुकूल आहे, आणि त्याचे मुख्य श्रेय करवत सुरू होण्याआधी या पथकाने घेतलेल्या खबरदारीला जाते. झाडावर चढणाऱ्याचा जीव दोर, हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) आणि कॅराबिनर (दोर अडकवायची झडपेची कडी) यांच्यावर जितका अवलंबून असतो, तितकाच ज्या फांदीवरून तो दोर घेतला आहे त्या फांदीवर आणि ती फांदी धरून ठेवणाऱ्या मुळांवर अवलंबून असतो. ज्याला झाडाचा आजार ओळखता येत नाही, तो कितीही उत्तम प्रतीची साधने बाळगत असला तरी सुरक्षित नसतो. झाडाची तपासणी आणि साधनांची तपासणी ही दोन वेगळी कामे नाहीत, हे या पथकाच्या वागण्यात पदोपदी दिसत होते.

गुलमोहराविषयी सविस्तर लिहायला हवे. वरून पाहणाऱ्याला झाड ठीकच वाटत होते. पाने थोडी विरळ आणि शेंड्याकडच्या काही डहाळ्या वाळलेल्या, एवढेच. पथकप्रमुखाने मात्र वर पाहण्याआधी बुंध्याभोवतीचे गवत हाताने बाजूला केले आणि जमिनीलगत, दोन आधारमुळांच्या बेचक्यात, सालीला चिकटून वाढलेली एक अळंबी दाखवली. तिची वरची बाजू तांबूस तपकिरी आणि व्हार्निश फासल्यासारखी चकचकीत होती, कडेला पांढरी किनार होती आणि आजूबाजूच्या मातीवर दालचिनीच्या रंगाची बारीक पूड पसरलेली होती. ही गॅनोडर्मा या बुरशीची फलधारणा होय आणि ती तपकिरी पूड म्हणजे तिचे बीजाणू. गॅनोडर्मा मुळे आणि बुंध्याचा तळ कुजवते. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन आणि चिवटपणा देणारे सेल्युलोज ही दोन्ही द्रव्ये ती खाते, त्यामुळे आतले लाकूड फिकट, मऊ आणि तंतुमय होत जाते. झाडाला पाणी पुरवणारे बाहेरचे ताजे लाकूड बराच काळ जिवंत राहते, म्हणून वरचा पर्णसंभार हिरवाच दिसतो. अळंबी बाहेर येते तोवर आतली कूज बरीच पुढे गेलेली असते, हे ध्यानात घेतले तर अशी अळंबी दिसल्यावर 'अजून झाड हिरवे आहे' या युक्तिवादाला काही किंमत राहत नाही.

त्यानंतर नायलॉनच्या हातोडीने बुंधा सर्व बाजूंनी ठोकून पाहण्यात आला. तीन बाजूंनी आवाज भरीव येत होता आणि अळंबीच्या बाजूने तो खोल आणि पोकळ होता, इतका की बाजूला उभ्या असलेल्या आम्हालाही फरक कळला. मग सुईसारखे बारीक पाते लाकडात फिरवत नेणारे, आतील विरोध कागदी पट्टीवर आलेखरूपात नोंदवणारे यंत्र वापरले गेले. या यंत्राच्या पात्याचे टोक सुमारे 3 मिलिमीटर रुंद असते, म्हणजे झाडाला होणारी इजा अल्प असते, तरीही ती इजाच असल्याने उगाच दहा ठिकाणी भोके पाडू नयेत, हे सांगायलाही प्रमुख विसरले नाहीत. आलेखात सालीनंतर काही अंतरापर्यंत विरोध चांगला होता आणि पुढे रेषा एकदम खाली आली होती.

येथे या क्षेत्रात वारंवार सांगितल्या जाणाऱ्या एका ठोकताळ्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे. जर्मन संशोधक क्लाउस मात्थेक यांच्या निरीक्षणानुसार पोकळ खोडात उरलेल्या निरोगी भिंतीची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे एक तृतीयांशापेक्षा कमी झाली, की खोड मोडण्याचा धोका ठळकपणे वाढतो. काही सेवा हा आकडा अंतिम निकाल मानून झाड ठेवायचे की पाडायचे हे ठरवून टाकतात. या पथकाने तसे केले नाही. भिंतीची जाडी मोजून खोड मोडेल का हे कळते, मुळांसकट झाड उपटले जाईल का हे कळत नाही, आणि गॅनोडर्माचा हल्ला मुळांवरच असतो, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. त्यांनी कललेल्या बाजूच्या विरुद्ध दिशेची माती हलक्या हाताने उकरली. झाडाला मागे खेचून धरणारी मुळे त्याच बाजूला असतात. तेथील दोन जाड मुळांपैकी एकाची साल बोटाने दाबताच निघून आली आणि खालचे लाकूड ओल्या कापसासारखे तंतू तंतू होऊन हातात आले. कोणत्याही यंत्राने दिलेल्या आलेखापेक्षा त्या मुळाने निर्णय अधिक स्पष्ट केला.

निर्णय असा होता की गुलमोहर काढावा आणि तो काढताना त्यावर कोणीही चढू नये. या दुसऱ्या भागासाठी मी या सेवेला सर्वाधिक गुण देतो. झाडावर चढून, वरून एकेक तुकडा कापत दोराने खाली सोडणे हे त्यांच्या नेहमीच्या कामांतले, आणि त्यात यंत्राचे भाडेही लागत नाही. परंतु कापलेला ओंडका दोरावर झेलला जातो, त्या क्षणी खोडाला बसणारा झटका त्या ओंडक्याच्या वजनाच्या कित्येक पट असू शकतो, आणि तो झटका सहन करायचा असतो कुजलेल्या मुळांनी. युरोपात ॲश वृक्षांवर पसरलेल्या हायमेनोस्किफस फ्रॅक्सिनियस या बुरशीच्या साथीत हाच धडा तेथील चढणाऱ्यांना शिकावा लागला. रोगट ॲशचे लाकूड ठिसूळ होते, फांद्या पूर्वसूचना न देता तुटतात, म्हणून तशा झाडांवर शक्यतो न चढता उचलपाळण्यातून किंवा यंत्राने काम करण्याची पद्धत तेथे रूढ झाली आहे. आमचा गुलमोहरही असाच, शेजारी उभ्या केलेल्या बूम लिफ्टच्या पाळण्यातून, छोट्या छोट्या तुकड्यांत, झाडावर कसलाही भार न टाकता उतरवण्यात आला. काम संथ झाले. ते तसेच होणे योग्य होते.

रेन ट्री निरोगी होता आणि त्यावर चढण्याचे ठरले. चढाईच्या सकाळी सर्व साधने एका स्वच्छ ताडपत्रीवर मांडली गेली आणि चढणाऱ्याने ती स्वतः तपासली, मग दुसऱ्या सहकाऱ्याने पुन्हा तपासली. दोराची तपासणी पाहण्यासारखी होती. चढाईचा दोर बाहेरचे विणलेले आवरण आणि आतला भार पेलणारा गाभा अशा दोन थरांचा असतो. आवरणावरचे तंतू उसवले किंवा वितळून चकाकू लागले तर ते डोळ्यांना दिसते, गाभ्याला झालेली इजा मात्र दिसत नाही. म्हणून पूर्ण दोर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हातमोजे न घालता बोटांच्या चिमटीतून सरकवला गेला आणि दर हातभर अंतरावर त्याला वाकवून लहान वेटोळे करून पाहिले गेले. गाभा शाबूत असेल तर वेटोळे गोल येते. तो तुटला किंवा चेपला असेल तर त्या जागी दोर कोनात मोडतो, किंवा बोटांना एकदम पोकळ लागतो. नवीन आणि निर्दोष अवस्थेत, युरोपीय मानक ईएन 1891 प्रमाणे 'ए' प्रकारच्या दोराने किमान 22 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने 2,200 किलो वजनाइतका ताण पेलायला हवा. अमेरिकेच्या झेड 133 या वृक्षकामाच्या सुरक्षा-मानकात चढाईच्या दोरासाठी 5,400 पौंडांची अट आहे. हे आकडे ऐकून निर्धास्त होणारे लोक एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे गाठ मारताच दोराची ताकद घटते आणि काही गाठींत ही घट एक तृतीयांशाच्या आसपास असते. वापराने, उन्हाने आणि मातीच्या कणांनी होणारी झीज त्याशिवाय वेगळी.

दोरांची पेटी आणि चेनसॉच्या इंधनाची, तेलाची व औषधांची पेटी या दोन वेगळ्या होत्या आणि गाडीतही एकमेकींपासून दूर ठेवलेल्या होत्या. ही बाब किरकोळ वाटेल, पण माझ्या दृष्टीने हीच जाणकार पथकाची खूण आहे. आम्लाने नायलॉन कमकुवत होते, तीव्र अल्कलीने पॉलिएस्टर कमकुवत होते, आणि गाडीच्या बॅटरीतील आम्लाचा ओघळ लागलेला पट्टा वाळल्यावर पूर्ववत दिसू शकतो. अशा पट्ट्यावर कोणाला लटकावे लागले तर तपासणीत काहीही सापडलेले नसेल. कापडी साधनांच्या उत्पादनाची तारीख लेबलावर असते आणि बहुतेक उत्पादक, साधन एकदाही वापरले नसले तरी, जास्तीत जास्त 10 वर्षांची मुदत देतात. या पथकाकडे प्रत्येक हार्नेस, दोर आणि पट्ट्याची क्रमांकवार नोंदवही होती. ब्रिटनमध्ये माणसांना उचलणाऱ्या साधनांची दर 6 महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी करून घेणे 1998 च्या नियमांनी बंधनकारक आहे. हीच मुदत आपण स्वतःहून पाळतो, असे प्रमुखांनी सांगितले आणि मागच्या तपासणीची पाने उघडून दाखवली. एका कॅराबिनरवरचे कोरलेले अक्षर झिजून वाचता येत नव्हते. ते चढाईसाठी वापरायचे नव्हते, तरीही ते ताडपत्रीवर का आले, असे मी विचारले. ते लगेच बाजूला काढून त्यावर लाल चिकटपट्टी लावण्यात आली. उत्तर देताना कोणी अवघडले नाही, ही गोष्ट मला आवडली.

दोर झाडावर चढवण्यासाठी वजनदार पिशवी बांधलेली बारीक दोरी वर फेकण्यात आली. फांदी निवडताना चढणाऱ्याने दुर्बिणीतून बराच वेळ तिचा उगम न्याहाळला. खोड आणि फांदी यांच्यामधले बेचके रुंद आहे का, की साल आत दबून अरुंद फट तयार झाली आहे, तेथे भेग, अळंबी, जुन्या कापाची ढोली किंवा किड्यांची भोके आहेत का, हे सर्व पाहून मग दोर त्या बेचक्यात, खोडाच्या अगदी जवळ बसवला गेला. मग दोन माणसे त्या दोराला एकदम लटकली आणि त्यांनी हळूहळू झोके दिले. एका चढणाऱ्याला पेलायचा भार आधी जमिनीवर उभे राहूनच दोघांच्या वजनाने पडताळून पाहण्याची ही पद्धत साधी आहे, आणि ज्या पथकांना घाई असते ती नेमकी हीच पायरी गाळतात. साल घासू नये आणि दोरही झिजू नये यासाठी फांदीभोवती कड्या लावलेला पट्टा टाकून त्यातून दोर नेण्यात आला. बुटांना लावायचे लोखंडी काटे पथकाच्या गाडीत होते, पण ते बाहेर निघाले नाहीत. हे काटे पाडायच्या झाडासाठी असतात. जे झाड राखायचे आहे, त्याच्या सालीला प्रत्येक पावलागणिक जखम करून रोगाला वाट करून देणे हे त्याच्या देखभालीच्या नावाखाली त्याचेच नुकसान करणे होय.

चढणाऱ्याला धरणारी गाठ प्रुसिक प्रकारातली होती. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी 1931 मध्ये मांडलेली ही कल्पना आजही या कामाचा कणा आहे. गाठीवर भार आला की ती दोराला घट्ट आवळते आणि भार काढला की सरकते. वेगाने खाली उतरताना घर्षणाने ती तापते. पॉलिएस्टर साधारण 255 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून गाठीची दोरी बहुधा ॲरामिड या कृत्रिम तंतूंची घेतात, जे वितळत नाहीत. मात्र ॲरामिड पुन्हा पुन्हा वाकवल्याने लवकर थकतो आणि उन्हानेही खराब होतो, त्यामुळे ही दोरी चढाईच्या मुख्य दोरापेक्षा बऱ्याच आधी बदलावी लागते. पथकाने आमच्या समोर नव्या दोरीचे सील फोडले आणि जुनी दोरी कोणी चुकून वापरू नये म्हणून कापून तिचे तुकडे केले.

वर चेनसॉ चालू करण्याआधी चढणाऱ्याने मुख्य दोराखेरीज कमरेचा दुसरा दोर झाडाभोवती घेतला. चेनसॉची साखळी सेकंदाला 20 मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने धावते. ताणलेल्या दोराला तिचा नुसता स्पर्श झाला तरी तो तुटतो, म्हणून करवत हातात असताना माणूस दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेला असणे हा न मोडण्याचा नियम आहे. खाली उभ्या असलेल्या दुसऱ्या प्रशिक्षित सहकाऱ्याने हार्नेस घातलेला होता आणि त्याच्यासाठी वेगळा दोर आधीच वर नेऊन ठेवला होता. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहिला तर पायांत रक्त साचून त्याच्या जिवाला धोका होतो. त्याला उतरवायला बाहेरची मदत येईपर्यंत थांबणे परवडत नाही. सुटका कोण करणार, कोणत्या दोराने करणार आणि जवळचे रुग्णालय कोणते, हे काम सुरू होण्यापूर्वी एका कागदावर लिहिलेले होते.

छाटणीची प्रत चांगली होती. जड फांद्या तीन कापांत काढल्या गेल्या. आधी खालून अर्धवट काप, मग थोडे पुढे वरून काप, आणि फांदीचे वजन गेल्यावर उरलेल्या खुंटाचा शेवटचा काप. यामुळे साल खोडापर्यंत सोलत जात नाही. शेवटचा काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कंगोऱ्याच्या लगेच बाहेर, पण कंगोऱ्याला न दुखवता घेतला होता. झाड जखम भरून काढत नाही, ते तिला आतून भिंती घालून बंद करते, हे अमेरिकेच्या वनखात्यातील ॲलेक्स शिगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून दाखवून दिले आणि 1977 मध्ये त्याची मांडणी केली. त्या भिंती उभारणारी पेशीरचना त्या कंगोऱ्यात असते. तो कापला की झाडाचे संरक्षणच काढून घेतल्यासारखे होते आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजून बुरशीला आत नेतो. आमच्या एका सदस्याने कापांवर डांबर फासण्याचा आग्रह धरला होता. प्रमुखांनी तो नम्रपणे नाकारला. डांबराखाली ओल टिकून राहते आणि कूज थांबत नाही, हे त्यांचे उत्तर बरोबर आहे. एका जुन्या ढोलीत सिमेंट भरण्याची सूचनाही त्यांनी अशीच बाजूला ठेवली. झाड वाऱ्याने डोलते, सिमेंट डोलत नाही, आणि त्या घर्षणाने आतली शाबूत भिंत खरवडली जाते.

आंब्याचे काम वेगळ्या जातीचे होते. बांडगूळ नुसते तोडले तर ते पुन्हा फुटते, कारण त्याची शोषमुळे फांदीच्या आत पसरलेली असतात. म्हणून शक्य तेथे, बांडगुळाच्या जोडापासून खोडाच्या बाजूला किमान 30 सेंटीमीटर अंतर ठेवून फांदीच कापावी लागते. ते फळांवर येण्याआधी काढणे इष्ट, नाहीतर चिकट गराच्या बिया पक्षी दुसऱ्या फांद्यांवर नेऊन चिकटवतात. दोन फांद्यांवर भिरूड किडीची भोके, त्यातून येणारा भुसा आणि गळणारा डिंक दिसला. त्या फांद्या वरून भरभक्कम वाटत असल्या तरी आत बोगदे असल्याने त्यांवर दोर घ्यायचा नाही, असे चढणाऱ्याने खडूने खूण करून ठरवून टाकले. प्रत्येक झाडानंतर आणि आंब्याच्या बाबतीत प्रत्येक रोगट फांदीनंतर करवतीचे पाते 70 टक्के अल्कोहोलने पुसले जात होते. ब्राझील, ओमान आणि पाकिस्तान येथे आंब्यांची मर घडवून आणणारी सेराटोसिस्टिस ही बुरशी, तसेच प्लेन वृक्षांवरची तिची बहीण, दूषित हत्यारांमधून एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊ शकते, हे लक्षात घेता ही सवय अनिवार्यच म्हणावी लागेल. आंब्याच्या कापांवर त्यांनी बोर्डो पेस्ट लावली. बाकी झाडांवर काहीच लावले नाही आणि येथे का लावली, असे विचारल्यावर मिळालेले उत्तर मला पटले. ती जखम भरून येण्यासाठी लावलेली नव्हती. मोरचूद आणि चुना यांचे ते मिश्रण ताज्या कापावर बुरशीचे बीजाणू रुजू नयेत एवढ्यासाठी होते, आणि लगतच रोगट फांद्या असताना तेवढी काळजी योग्यच होती.

आता उणिवा. पहिली गंभीर आहे. फांद्या खाली येत असताना पथकातील एक मदतनीस, शिरस्त्राण काढून, पट्टीने आखलेल्या क्षेत्रात पाने गोळा करायला शिरला. वरच्या माणसाने काम थांबवून त्याला मोठ्याने हाकलले, म्हणजे वरची शिस्त पक्की होती. खालची तितकी पक्की नव्हती. इतक्या कसोशीने साधने तपासणाऱ्या सेवेने जमिनीवरच्या माणसाचे प्रशिक्षणही तितक्याच कसोशीने करायला हवे, कारण पडत्या फांदीखाली सापडणारा बहुधा तोच असतो.

दुसरी उणीव गुलमोहराच्या लाकडाच्या चुऱ्याची. तो आंब्याच्या बुंध्याभोवती आच्छादन म्हणून पसरण्यात आला. गॅनोडर्माने कुजलेल्या झाडाचा चुरा दुसऱ्या झाडाच्या मुळांवर पसरणे हे त्याच पथकाने सकाळी सांगितलेल्या गोष्टींशी विसंगत होते. लक्षात आणून देताच त्यांनी सगळा चुरा गोळा करून नेला आणि आंब्याला रेन ट्रीच्या निरोगी फांद्यांचा चुरा घातला, तोही खोडाला न टेकवता. तिसरी उणीव अंदाजपत्रकातली. त्यात गुलमोहराचा बुंधा व जाड मुळे काढण्याचा उल्लेख नव्हता. ही बुरशी उरलेल्या मुळांत वर्षानुवर्षे तग धरते आणि मुळांच्या संपर्कातून शेजारच्या झाडात जाऊ शकते, तेव्हा हा भाग ऐच्छिक मानता येत नाही. आम्ही विचारल्यावरच तो कामात धरला गेला.

लेखी अहवाल उशिरा आला. त्यात आलेखांच्या प्रती, प्रत्येक कापाची जागा आणि रेन ट्रीच्या पुढील पाहणीचा महिना दिला आहे, मात्र उकरलेल्या मुळांची छायाचित्रे नाहीत, जी काढताना मी स्वतः पाहिली होती. ज्यांना ही सेवा घ्यायची असेल त्यांनी तीन गोष्टी काम ठरवतानाच लेखी मागून घ्याव्यात : बुंधा आणि मुळांचे काय करणार, रोगट लाकूड कोठे जाणार, आणि मुळांची छायाचित्रे अहवालात येणार की नाही. चढाईच्या बाबतीत मात्र वेगळे काही मागावे लागणार नाही. ताडपत्री अंथरली की जवळ उभे राहून पाहावे. ते पाहू देतात आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देतात.